मोलाचा दाखला

इंग्लंडातील एखाद्या जुन्या मठाच्या किंवा गढीच्या अंगणात सकाळपासून रांग लागलेली असावी, रांगेतील प्रत्येकाच्या हातात वा काखेत घराच्या माळ्यावरून उतरवलेली एखादी वस्तू असावी, टेबलापलीकडे बसलेल्या जाणकाराने ती उलटसुलट करून, तिच्या तळाशी काय कोरले आहे ते भिंगातून न्याहाळून अखेर तिची किंमत सांगावी आणि ती ऐकणाऱ्याच्या मुद्रेवरील पालट कॅमेऱ्याने टिपावा, एवढ्याच सामग्रीवर बीबीसीचा ‘अँटिक्स रोडशो’ हा कार्यक्रम १९७९ पासून चालत आला आहे. १९९७ पासून त्याची अमेरिकन आवृत्तीही तेथील सार्वजनिक वाहिनीवर दाखविली जाते. नोकरीनिमित्त कतारात, विशेषतः दोहा शहरात, येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत शुक्रवारच्या सुटीच्या दुपारी हे कार्यक्रम लहानथोरांनी एकत्र बसून पाहावेत, आणि किंमत उच्चारली गेल्याबरोबर मनातल्या मनात तिचे रुपये करावेत, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या घरांपासून मोटारीने थोड्याच अंतरावर एका मराठी राज्यकर्त्याने घडवून घेतलेली, आणि लिलावात सुमारे साडेपाच दशलक्ष डॉलरांना विकली गेलेली वस्तू काचेआड ठेवलेली आहे, याची जाणीव मात्र त्यांतील फार थोड्यांना असते. त्या वस्तूविषयी लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या कार्यक्रमाचे अंतरंग थोडे पाहिले पाहिजे. त्यात सर्वांत मोलाचा क्षण किंमत सांगण्यापूर्वीचा असतो, असे मला वाटते. जाणकार वस्तू हाती घेतो आणि त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ही तुमच्याकडे आली कशी? वस्तूचे सौंदर्य त्याला दिसतच असते आणि तिचे वय तो अजमावू शकतो. पण ती ज्या हातांतून आली त्या हातांची नामनिशी त्याला वस्तूवरून कळत नाही, ती मालकालाच सांगावी लागते. २००१ साली ॲरिझोनातील टुसॉन शहरी एका वृद्ध गृहस्थाने घरात खुर्चीच्या पाठीवर टाकलेली घोंगडी आणली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नव्हाहो विणकरांनी विणलेले ते अत्यंत दुर्मिळ वस्त्र आहे असे ओळखून जाणकाराने त्याचे मोल साडेतीन ते पाच लक्ष डॉलर सांगितले, तेव्हा त्या वृद्धाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ती घोंगडी किट कार्सन या प्रसिद्ध सरहद्दवीराने आपल्या पूर्वजाला दिली, अशी त्या घराण्याची आठवण होती. आणि तिला पुराव्याचा आधार मिळाला तर किंमत आणखी चढेल, असेही जाणकाराने त्याच वेळी सांगून टाकले. आठवण आणि पुरावा यांतील अंतराची एवढी रोकडी मोजणी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

वाद्यांच्या बाबतीत हे अंतर अधिकच ठळक होते. २०२० सालच्या आरंभी ब्रिटिश कार्यक्रमाच्या एका भागात एका व्यावसायिक वादकाने एक विचित्र गिटार पुढे ठेवली. कॅलिफोर्नियातील बार्टेल नावाच्या छोट्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गिटारीच्या मानेवर पडदेच नव्हते, त्यामुळे ती वाजविणे भल्याभल्यांना जड जावे. तथापि ती प्रथम जॉन लेनन याच्या हाती आणि त्याच्याकडून जॉर्ज हॅरिसन याच्याकडे गेली होती, आणि हॅरिसनने ती या वादकाच्या स्वाधीन केली होती. जाणकाराने सांगितलेली किंमत तीन ते चार लक्ष पौंडांच्या घरात होती. तशाच बांधणीची, पण या दोन नावांची साखळी नसलेली गिटार त्या रकमेच्या एका अल्पांशालाही विकली गेली नसती.

२०१९ सालच्या जून महिन्यात न्यू यॉर्क येथील क्रिस्टीज या लिलावगृहात लागोपाठच्या दोन दिवशी जे घडले ते आमच्या विषयाच्या दोन्ही टोकांना स्पर्श करते. १९ जून रोजी तेथे कतारच्या राजघराण्यातील शेख हमद बिन अब्दुल्ला अल् थानी यांच्या नावाशी निगडित असलेल्या अल् थानी संग्रहातील सुमारे चारशे भारतीय वस्तू विक्रीस निघाल्या. मोगल खंजीर, गोवळकोंड्याचे हिरे, निझामाचे कंठे, राजेरजवाड्यांचे शिरपेच अशा त्या वस्तूंची एकंदर विक्री १०९ दशलक्ष डॉलरांवर गेली. दुसऱ्या दिवशी, २० जूनला, पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदातील डेव्हिड गिल्मूर याच्या सव्वाशेच्या आसपास गिटारींचा लिलाव झाला आणि त्याची काळी स्ट्रॅटोकास्टर ३९ लाख ७५ हजार डॉलरांना गेली, जी तोवर कोणत्याही गिटारीला मिळालेली सर्वाधिक किंमत होती. गिल्मूरने सारे उत्पन्न पर्यावरणाच्या कार्याला दिले. एका दिवशी मराठी व दख्खनी दौलतींचे जवाहीर, दुसऱ्या दिवशी कारखान्यात शेकड्यांनी बनलेल्या जातीची एक लाकडी गिटार. आणि दोहोंची किंमत ठरविण्याची रीत एकच. त्या पहिल्या दिवसाच्या विक्रीत बडोद्याचा मोत्यांचा एक चांदवाही होता. त्याचा सोबती गालिचा त्यापूर्वी दहा वर्षे दोह्याच्या लिलावात विकला गेला होता आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उघडलेल्या कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोकांच्या दर्शनास ठेवला गेला होता.

वाळवंटातील वाळू आणि क्षार यांचे थर साचून फुलासारखे स्फटिक तयार होतात, त्यांच्या आकारावरून झां नूव्हेल या फ्रेंच वास्तुविशारदाने हे संग्रहालय रचले आहे. एकमेकांत घुसलेल्या महाकाय तबकड्यांच्या त्या इमारतीने शेख अब्दुल्ला बिन जासिम यांचा जुना वाडा आपल्या कुशीत घेतला आहे. दालनांमागून दालने जात शेवटी आपण मोत्यांच्या विभागात येतो, आणि तेथे मंद प्रकाशात तो गालिचा दिसतो. लांबी २ मीटर ६४ सेंटिमीटर, रुंदी १ मीटर ७४; म्हणजे मध्यम दिवाणखान्यातील सतरंजीएवढाही नाही. रेशमावर आणि हरणाच्या मऊ कातड्यावर मोती शिवून त्याची जमीन भरली आहे, आणि मोत्यांची संख्या पंधरा ते वीस लाखांच्या दरम्यान असावी असा अंदाज आहे. मोती अगदी बारीक. दुरून पाहता सगळी जमीन सायीसारखी पिवळसर पांढरी वाटते आणि जवळ गेल्यावरच तिच्यातील वेलींची वळणे, फुले आणि किनार उलगडू लागतात. मध्यावर चपट्या पैलूंच्या हिऱ्यांची तीन मोठी चक्राकार फुले जडवली आहेत, आणि नक्षीच्या रेषांत माणके, पाचू व नीलम यांची पखरण आहे. मला सर्वांत विलक्षण वाटले ते हे, की हिऱ्यांकडे लक्ष प्रथम जात असले तरी ते तेथे फार वेळ टिकत नाही. दृष्टी पुनःपुन्हा मोत्यांच्या ओळींकडे वळते, कारण प्रत्येक ओळीत बोटांची हालचाल दिसते. एक मोती उचलणे, छिद्रातून धागा ओवणे, कातड्यात टाका घेणे, आणि हेच लाखो वेळा. ज्या कारागिरांनी हे केले त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि या वस्तूच्या दीर्घ कैफियतीतील ती मला सर्वांत मोठी उणीव वाटते.

हा गालिचा बडोद्याचे खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास करविला. १८५६ ते १८७० पर्यंत राज्य केलेल्या या पुरुषाला जवाहिराची विलक्षण आवड होती. ब्राझीलमध्ये १८५३ साली सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा हिरा त्यांनीच बडोद्यास आणला. मदिनेस पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी हा मोत्यांचा सरंजाम घडविला होता, अशी परंपरा आहे. बडोद्याच्या दौलतीत अरब शिबंदी पिढ्यान्‌पिढ्या चाकरीस होती, आणि हिंदु राजाने मुसलमानांच्या पवित्र स्थानासाठी असे दान योजावे यात त्या काळच्या मराठी दरबारास काही नवल वाटले नसावे. चार आयताकृती गालिचे आणि एक गोल चांदवा असा तो संच होता, असे मानले जाते. १८७० साली महाराज निवर्तले, दान मार्गस्थ झाले नाही आणि गालिचा बडोद्याच्या जामदारखान्यात राहिला.

येथून पुढे त्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने नोंदला गेला आहे, आणि या नोंदीच त्याचे दुसरे धन होय. १९०२–०३ च्या हिवाळ्यात कर्झनच्या दरबाराच्या निमित्ताने दिल्लीस कलावस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात बडोदे सरकारने मोत्यांचे हे काम पाठविले आणि जॉर्ज वॅट यांनी प्रदर्शनाच्या ग्रंथात त्याची दखल घेतली. १९४३ साली प्रतापसिंहराव महाराजांनी सीतादेवी यांच्याशी दुसरा विवाह केला; पुढे सीतादेवींचे वास्तव्य मोनाको येथे झाले आणि बडोद्याच्या खजिन्यातील अनेक मौल्यवान वस्तूंबरोबर गालिचाही युरोपात गेला. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि दौलतीचे काय व खाजगीचे काय, हा प्रश्न तेथून ऐरणीवर आला. १९८५ साली न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयातील भारतविषयक प्रदर्शनात गालिचा लोकांना पुन्हा दिसला. १९८९ साली सीतादेवी वारल्या, आणि १९९४ साली तो जिनीव्हातील एका तिजोरीत असल्याचे उघड झाले. अखेर १९ मार्च २००९ रोजी सदबीज या लिलावगृहाने दोह्यात तो विक्रीस काढला आणि सुमारे साडेपाच दशलक्ष डॉलरांस त्यावर हातोडा पडला.

या विक्रीने गालिचा परमुलखात गेला, असे कोणी हळहळून म्हणेल. आणि ज्या जामदारखान्यातून तो बाहेर पडला त्याच्याविषयी ती हळहळ योग्यच आहे. तथापि ज्या मोत्यांनी तो भरला आहे ते मुळात याच किनाऱ्याचे आहेत, हेही ध्यानी ठेवले पाहिजे. आपण ज्यांना बसराई मोती म्हणतो ते बसऱ्याच्या नावाने ओळखले गेले तरी निघत ते बहारीन व कतार यांच्या समोरील उथळ समुद्रातील शिंपल्यांच्या पाट्यांवर. उन्हाळ्यातील चार महिने किनारा ओस पडे. विसाव्या शतकाच्या आरंभी लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्याने खाडीच्या गॅझेटियरसाठी जी मोजदाद केली तिच्यात एकट्या कतारची आठशेंहून अधिक गलबते आणि बारा हजारांहून अधिक माणसे या धंद्यात गुंतलेली दिसतात. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई आणि वरचा गडी दोरीने त्याला ओढून घेई. दिवसभरात हे अनेक वेळा करायचे, आणि हंगामाअखेर हिशेब निघे तेव्हा नाखव्याने दिलेली उचल बहुतेकांच्या अंगावर शिल्लकच असे. बापाचे कर्ज मुलाच्या माथी जाई. उत्तर किनाऱ्यावरील झुबारा हे अठराव्या शतकातील मोत्यांच्या व्यापारावर उभे राहिलेले गाव आज वाळूत गाडलेल्या भिंतींच्या रूपाने पाहावयास मिळते, आणि २०१३ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला आहे.

निघालेला माल तवाश म्हणजे मोत्यांचे व्यापारी गलबतावरच खरेदी करीत आणि त्यातील फार मोठा भाग मुंबईस येई, कारण वर्गवारी, भोके पाडणे आणि सर ओवणे ही कामे मुंबईतच होत. खाडीच्या व्यापाऱ्यांचे मुंबईत वर्षानुवर्षे वास्तव्य असे, आणि या सगळ्या किनाऱ्यावर चलन होते ते हिंदुस्थानी रुपयाचे. दोह्यातल्या मोत्याचे मोल मुंबईत ठरे. पितळेच्या भोकाभोकांच्या चाळण्यांतून मोती गाळून त्यांचे आकार वेगळे करीत. मग तेज, रंग आणि गोलाई पाहून वर्ग लावीत. आणि भावाची घासाघीस कापडाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी चाले, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळू नये.

या मोलाचे गणित मी येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आमच्या जवाहिऱ्यांची ती खरी विद्या होती. मोत्याची किंमत नुसत्या वजनावर नसे, ती चवीवर असे. सर्व मोत्यांचे वजन रतींत घ्यावयाचे, त्याचा वर्ग करावयाचा, त्यास ५५ ने गुणून ९६ ने भागावयाचे, आणि जे येईल त्याला मोत्यांच्या संख्येने भागावयाचे, म्हणजे चवींची संख्या निघते. चार रतींचा एक मोती याप्रमाणे नऊ चवींहून किंचित अधिक भरतो, पण आठ रतींचा एकच मोती साडेछत्तीस चवींच्या वर जातो. आणि चार चार रतींचे दोन मोती मिळून जेमतेम सव्वाअठरा चवी होतात. वजन दुप्पट झाले की मोल चौपट व्हावे, या अनुभवाला आमच्या पेढ्यांनी दिलेले हे सूत्र आहे, आणि मुंबईची चव खाडीच्या बाजारांतही प्रमाण मानली जाई. आज दूरचित्रवाणीवरील जाणकार एक आकडा उच्चारून मोकळा होतो. त्या पेढीवर आकड्यापर्यंत येण्याची वाट व्यापाऱ्याला वहीत मांडून दाखवावी लागे. जपानात मिकिमोतो याने शेतीच्या मोत्यांचा धंदा वाढविल्यावर, आणि १९२९ च्या मंदीनंतर, हा सारा व्यवहार काही वर्षांतच कोसळला. कतारात १९४९ अखेर तेलाची निर्यात सुरू होईपर्यंतची मधली वर्षे या किनाऱ्याने अत्यंत हलाखीत काढली.

गिटारीची परीक्षा करणाऱ्यांचीही अशीच एक विद्या आहे. जुन्या फेंडर गिटारीची मान चार स्क्रू काढले की वेगळी होते, आणि तिच्या टाचेवर कारागिराने पेन्सिलीने किंवा शिक्क्याने घातलेली तारीख सापडते. आवाजाच्या कळीखाली जो विजेचा भाग असतो त्याच्या पाठीवर सहा किंवा सात अंक उठवलेले असतात. पहिले तीन अंक तो भाग बनविणाऱ्या कारखान्याचे, शेवटचे दोन वर्षातील आठवड्याचे, आणि मधला एक किंवा दोन अंक वर्षाचे. मानेची तारीख आणि हे अंक यांचा मेळ बसला, झाळणीचे सांधे कधी उकललेले नसले, रोगणावर वयाने पडणारे बारीक तडे असले, म्हणजे वस्तू अस्सल आणि अस्पर्श ठरते. नंतर कोणी हौसेने नवे रोगण दिले असेल तर किंमत निम्म्याजवळ येते. मार्टिन या जुन्या अमेरिकन कारखान्याने १८९८ पासून आपल्या प्रत्येक गिटारीवर अनुक्रमांक घातला आहे, त्यामुळे नुसत्या अंकावरून ती कोणत्या साली बनली हे सांगता येते. १९४२ पर्यंत त्या कारखान्याने डी-४५ जातीच्या केवळ ९१ गिटारी केल्या, हे आज निश्चितपणे म्हणता येते ते कारखान्याच्या दफ्तरामुळेच. वाद्य घडविण्याची कला अनेक देशांत आहे. घडविलेल्या प्रत्येक वाद्याची नोंद ठेवण्याची शिस्त फार थोड्या ठिकाणी दिसते.

आमच्या मिरजेकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट मनाला लागते. फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून चालत आलेल्या तेथील परंपरेने सबंध हिंदुस्थानला तंबोरे आणि सतारी पुरविल्या, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर भागातील भोपळा वर्षानुवर्षे वाळवून निवडावा, तुणाच्या लाकडाची दांडी त्याला जोडावी, आणि शेवटी जवारी काढताना कारागिराने घोडीची पट्टी इतक्या हळुवारपणे घासावी की तारेतून षड्जाबरोबर गंधारही स्वयंभू उमटावा, या कौशल्याला कोणत्याही गिटारीच्या बांधणीपेक्षा मी तसूभरही कमी मानणार नाही. पण एखाद्या घरात आजोबांच्या काळचा मिरजेचा तंबोरा भिंतीला टेकून उभा असेल तर तो कोणाच्या हातचा, कोणत्या साली घेतला, त्यावर कोण कोण गायले, हे सांगणारा एखादा कागद त्या घरात सापडतो का? बहुधा सापडत नाही. आजी असेपर्यंत आठवण असते, आणि आजीबरोबर ती जाते. ज्या मराठी माणसांनी पेशवे दफ्तरासारखे रुमालांचे डोंगर उभे केले, गावागावांच्या फर्दा आणि ताळेबंद जपले, त्यांनी घरातील कलावस्तूंची मात्र साधी यादी करू नये, याचे मला अतिशय वाईट वाटते.

या उदासीनतेला एक तेजस्वी अपवाद पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे, वाद्ये अशा हजारो वस्तू जमविल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभारले, आणि १९७५ साली तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या वाद्यदालनात उभे राहिले की ज्या वस्तूंना घराघरांतून अडगळ म्हणून बाहेर काढले गेले असते त्या एका माणसाच्या दृष्टीमुळे राष्ट्राच्या ठेव्यात जमा झाल्या, हे दिसते. दोह्याजवळ शहानिया भागात शेख फैसल बिन कासिम यांनीही खाजगी हौसेतून गालिचे, मोटारी, हत्यारे व घरगुती वस्तूंचे असेच एक अफाट संग्रहालय उभे केले आहे. ते पाहताना मला वारंवार केळकरांचे स्मरण झाले. साधनांत जमीनअस्मानाचे अंतर, पण ओढ तीच.

मूल्यनिर्धारणाच्या या उद्योगाला एक काळी बाजूही आहे. अमेरिकन कार्यक्रमात जुन्या शस्त्रांचे जाणकार म्हणून येणाऱ्या दोघा व्यापाऱ्यांनी तेथून मिळालेल्या प्रतिष्ठेचा गैरफायदा घेतला. अमेरिकन यादवी युद्धातील सेनापती जॉर्ज पिकेट याच्या वंशजाकडून वस्तू अल्प किमतीस घेऊन त्या कितीतरी पट भावाने विकल्या, आणि पुढे त्यांवर फौजदारी खटले होऊन शिक्षा झाल्या. मोल सांगणारा आणि माल घेणारा हे एकच असू नयेत, हा नियम त्या प्रकरणापेक्षा कितीतरी जुना आहे. गलबतावर मोती नाखव्याच्या स्वाधीन करणाऱ्या पाणबुड्याला तो नियम कोणीच लागू केला नव्हता, म्हणून त्याचे कर्ज फिटत नसे.

कतारातील मराठी वाचकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी येथे सांगणे अवश्य आहे. देशातून एखादी जुनी वस्तू इकडे आणावी असे पुष्कळांच्या मनात येते. आपल्याकडील १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांहून जुने, देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तितकी जुनी नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून आधी घ्यावा. ब्राझिलियन रोझवुडच्या जुन्या गिटारी बाळगणाऱ्यांनीही सावध असावे, कारण १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर कडक निर्बंध आहेत. शिवाय येथील हवा वाद्यांची वैरी आहे. बाहेर दमट उष्मा आणि आत अहोरात्र चालणाऱ्या वातानुकूलनाची कोरडी हवा, या दोहोंच्या ओढाताणीत तंबोऱ्याचा भोपळा तडकतो आणि गिटारीची फळी फाटते. वाद्य पेटीत ठेवून आतील आर्द्रता निम्म्याच्या आसपास राखणे हाच त्यावर उपाय आहे.

आणखी एक वस्तू येथील मराठी घरांत, विशेषतः ज्यांचे वडील वा आजोबा साठच्या दशकात या बाजूला आले होते त्यांच्याकडे, निघण्याचा संभव आहे. सोन्याच्या चोरट्या व्यापारातून होणारी परकीय चलनाची गळती थांबावी म्हणून १९५९ साली भारताने खाडीच्या देशांसाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. त्यांचे अनुक्रमांक झेड या अक्षराने सुरू होत, आणि छापल्या गेल्या त्या नाशिकच्या छापखान्यात. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतारने हे चलन सोडले आणि दुबईच्या जोडीने आपला रियाल आणला. परत करावयाच्या नोटा परत गेल्या, थोड्या राहिल्या, आणि त्या थोड्यांना आज नाणेसंग्राहकांत मोठी मागणी आहे. नाशिकला छापलेली आणि दोह्याच्या बाजारात चाललेली अशी एखादी नोट जुन्या पासपोर्टाच्या घडीत सापडली तर ती इस्त्री करून सरळ करू नये, चिकटपट्टी लावू नये, आणि कोणा ओळखीच्याने सांगितलेल्या पहिल्या किमतीला विकू नये.

दिवाळीच्या निमित्ताने घरोघरी माळे उतरविले जातील. त्यातून निघालेल्या प्रत्येक जुन्या वस्तूचा दोन बाजूंनी फोटो घ्यावा, आणि एका वहीत ती वस्तू काय आहे, कोणी घडविली, कोठून व कोणत्या साली घरात आली, कोणाच्या हातून कोणाकडे गेली, आणि हे आपल्याला कोणी सांगितले, एवढा तपशील लिहावा. सांगणारी वडीलधारी माणसे हयात असतील तर त्यांच्यासमोर वाचून रुजुवात करून घ्यावी आणि त्यांची सही घ्यावी. खाली तारीख घालावी, आणि वही कोठे ठेवली आहे ते घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे.